सगळ्या फ्लॉप्या एका मापाने मोजू नका

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

ई-कचऱ्यासंबंधीच्या आपल्या रविवारच्या लेखात जुन्या संगणकांबरोबर घरातल्या फ्लॉप्याही (मजकूर साठवायच्या जुन्या चुंबकीय चकत्या) देऊन टाका, त्या तशाही कधी भरवशाच्या नव्हत्या, असा सल्ला वाचला. मॉनिटर, की-बोर्ड, रिकामी कॅबिनेट जरूर द्यावीत. फ्लॉप्यांच्या बाबतीत मात्र हा सल्ला घाईचा आहे आणि त्यामागची समजूत अर्धीच खरी आहे. नाशिकच्या मेन रोड, रविवार कारंजा भागातले जुने छापखाने, पतसंस्था, शाळा, सातपूर-अंबडचे कारखाने यांच्या कपाटांत फ्लॉप्यांचे डबे अजून पडून असतात. ते रिकामे होण्याआधी काही तांत्रिक बाबी वाचकांपुढे याव्यात म्हणून हे पत्र. पत्र लांबले आहे, पण विषयच तपशिलाचा आहे.

लोकांच्या लक्षात राहिलेली बेभरवशाची फ्लॉपी म्हणजे १.४४ एमबीची साडेतीन इंची, आणि तीही नव्वदच्या दशकाच्या अखेरची. किंमत पाडण्याच्या चढाओढीत तोवर ड्राइव्हचा पत्रा पातळ झाला होता, चकतीचा दर्जा घसरला होता. एका मशीनवर भरलेली फ्लॉपी दुसऱ्यावर उघडत नाही, ही तक्रार बहुतेक त्या काळातली. तिच्या आधीच्या ३६० केबीच्या सव्वापाच इंची आणि ७२० केबीच्या साडेतीन इंची फ्लॉप्यांना त्याच रांगेत बसवणे अन्यायाचे आहे.

याचे कारण आकड्यांतच आहे. ३६० केबीच्या फ्लॉपीवर दर बाजूला ४० ट्रॅक (नोंदीची वर्तुळे), दर ट्रॅकवर ९ सेक्टर (वर्तुळाचे तुकडे), दर सेक्टरात ५१२ बाइट. दोन्ही बाजू मिळून ३,६८,६४० बाइट. ट्रॅकची दाटी इंचाला ४८, म्हणजे एका ट्रॅकच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत अर्ध्या मिलिमीटरहून जरा जास्त अंतर. १.४४ एमबीत ८० ट्रॅक, १८ सेक्टर, आणि दाटी इंचाला १३५. तिथे हेच अंतर ०.१९ मिलिमीटरवर येते. ट्रॅकच्या लांबीत बिट किती दाट बसवलेत ते पाहिले, तर सर्वांत आतल्या ट्रॅकवर ३६० केबीत इंचाला ५,९०० च्या आसपास आणि १.४४ मध्ये १७,४०० च्या आसपास. दोन्ही दिशांची दाटी गुणली की कळते, १.४४ मधल्या एका बिटाला ३६० केबीतल्या बिटाच्या जेमतेम आठवा हिस्सा जागा मिळते. हेड (वाचणारे-लिहिणारे टोक) केसभर सरकले, चकती उन्हाने किंचित ताणली गेली, धुळीचा कण आडवा आला, तर आधी कोण मार खाणार हे सांगायला नको. ७२० केबीचे ट्रॅक १.४४ इतकेच जवळ असतात, पण बिट दुप्पट लांब असतात. त्यामुळे ती या दोघींच्या मधली.

जाता जाता, १.४४ एमबी हे नावच हिशेबात बसत नाही. प्रत्यक्ष जागा १४,७४,५६० बाइट, म्हणजे १,४४० केबी. एमबी दहा लाखांचा धरला तर १.४७ होतात, १०,४८,५७६ चा धरला तर १.४१. १.४४ हा आकडा दोन्हींची खिचडी करूनच येतो.

जुन्या फ्लॉपीचा दुसरा गुण माझ्या मते याहून मोठा आहे. तो म्हणजे ड्राइव्हचा साधेपणा. १९७१ मध्ये आयबीएमने आठ इंची फ्लॉपी आणली, १९७६ मध्ये शुगार्ट असोसिएट्सने एसए-४०० हा सव्वापाच इंची ड्राइव्ह काढला, आणि त्या घराण्यातून आलेली ३४ तारांची जोडणी पुढे साडेतीन इंचीपर्यंत थोड्याफार फरकाने तशीच चालली. विषम क्रमांकाच्या तारा जवळपास सगळ्या ग्राउंड. सम क्रमांकाच्या तारांवर एकेक काम: मोटर चालू कर, हेड एक पाऊल सरकव, कुठल्या दिशेला, वरची बाजू की खालची, चकतीची फेरी पूर्ण झाली, हेड शून्य ट्रॅकवर पोचले. वाचायच्या तारेवर ड्राइव्ह एवढेच करतो की चकतीवरची चुंबकीय दिशा पालटली की एक पल्स सोडतो. त्या पल्सचा अर्थ लावणे ड्राइव्हचे काम नाही, संगणकातल्या कंट्रोलरचे आहे. पेन ड्राइव्हमध्ये अर्थ लावणारी चिप आतच बसवलेली असते. ती गेली की आतली मेमरी धडधाकट असली तरी सामान्य माणसाच्या दृष्टीने सगळेच गेले. फ्लॉपीत मधे कोणी लपलेले नाही. एक सेक्टर खराब झाला तर ५१२ बाइट जातात, तो खराब झाल्याचे त्या सेक्टरची सीआरसी (सोबत लिहिलेला पडताळणीचा आकडा) लगेच सांगते, आणि बाकीचे सेक्टर जागेवर राहतात.

म्हणूनच आज ग्रीझविझल किंवा क्रायोफ्लक्ससारखे छोटे बोर्ड यूएसबीला जोडून जुना ड्राइव्ह थेट चालवता येतो. हे बोर्ड कच्चे पल्स वेळेसकट नोंदवून घेतात आणि त्यांचा अर्थ नंतर संगणकावर सावकाश लावता येतो. ग्रीझविझलचे सॉफ्टवेअर मोफत आणि खुले आहे. बाजारात मिळणारा सीलबंद यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह ही वेगळी वस्तू. तो फक्त साडेतीन इंचीचा, आणि त्यातही सहसा ७२० केबी व १.४४ एमबी यांच्या पलीकडे जात नाही. बरे वाचले तर ठीक, नाही तर ‘फॉरमॅट करायची का?’ असे विचारून मोकळा होतो. या प्रश्नाला कधीही ‘हो’ म्हणू नये. फ्लॉपी कोरी आहे असा त्याचा अर्थ नसतो, या यंत्राला ती समजली नाही एवढाच असतो.

न समजण्याची कारणे बरीच आहेत. डॉसच्या (विंडोजआधीच्या प्रणालीच्या) पहिल्या आवृत्तीने भरलेल्या १६० केबीच्या फ्लॉपीवर बूट सेक्टरमध्ये, म्हणजे अगदी पहिल्या सेक्टरात, चकतीचे वर्णनच नसते, त्यामुळे आजचे विंडोज ती ओळखत नाही. मॅकिंटॉशच्या ४०० आणि ८०० केबीच्या फ्लॉप्या दिसायला इतरांसारख्याच, पण त्यांच्या ड्राइव्हमध्ये चकतीचा वेग आतल्या-बाहेरच्या ट्रॅकनुसार बदलायचा आणि नोंदीची पद्धतही निराळी. १९८४ साली सुरू झालेल्या ‘क्लास’ या शालेय संगणक योजनेत बीबीसी मायक्रो संगणक शाळांना मिळाले होते. त्यांच्या नेहमीच्या फ्लॉपीत ट्रॅकवर १० सेक्टर, प्रत्येकी २५६ बाइटचे. जपानी यंत्रांसोबतच्या साडेतीन इंची फ्लॉपीत कधी ७७ ट्रॅक आणि १,०२४ बाइटचे ८ सेक्टर निघतात, एकूण १२,६१,५६८ बाइट. अशा सगळ्या फ्लॉप्या पीसीला कोऱ्या दिसतात आणि कच्चे पल्स घेणाऱ्या बोर्डला व्यवस्थित वाचता येतात.

आता सर्वांत जास्त नुकसान जिथे होते ती गोष्ट. १९८४ च्या आयबीएम पीसी-एटी संगणकाबरोबर १.२ एमबीची सव्वापाच इंची आली: ८० ट्रॅक, १५ सेक्टर, मिनिटाला ३०० ऐवजी ३६० फेरे. बाहेरून ३६० केबीची फ्लॉपी आणि ही यांत फारसा फरक दिसत नाही. ओळखायची खूण मधल्या भोकाशी: ३६० केबीच्या बहुतेक चकत्यांना तिथे मजबुतीची कडी चिकटवलेली असते, १.२ च्या चकत्यांना सहसा नसते. पण लेप पूर्ण वेगळा. ३६० केबीच्या लेपाची चुंबकीय दमदारी (नोंद पालटायला लागणारा जोर) सुमारे ३०० ओर्स्टेड, १.२ ची सुमारे ६००. म्हणून १.२ ची फ्लॉपी ३६० केबी म्हणून फॉरमॅट केली तर ती टिकत नाही. ड्राइव्हचा कमी प्रवाह तिच्यावर नीट उमटतच नाही. साडेतीन इंचीत हा फरक थोडा, ७२० केबीला सहाशेच्या वर आणि १.४४ ला सातशेच्या वर. त्यामुळेच ७२० केबीच्या फ्लॉपीला भोक पाडून तिची १.४४ करण्याचे उद्योग चालत. फॉरमॅट होई, फाइलही बसे, आणि काही महिन्यांनी एकेक सेक्टर दगा देऊ लागे. अशी भोक पाडलेली फ्लॉपी हाती आली तर ती आधी वाचून घ्यावी, तिला सवड देऊ नये.

१.२ च्या ड्राइव्हचे हेड ३६० च्या हेडच्या निम्म्या रुंदीचे असते. वाचताना त्याचा फायदाच होतो. रुंद रस्त्याच्या मधोमध सायकल चालवल्यासारखे ते जुन्या रुंद ट्रॅकच्या मध्यातून जाते आणि कडेची खराबी टाळते. फक्त ड्राइव्हला एका ट्रॅकसाठी दोन पावले टाकायला सांगावे लागते. लिहिताना मात्र घात होतो. रुंद जुन्या नोंदीच्या मध्यावर अरुंद नवी नोंद बसते, दोन्ही कडांना जुने अवशेष राहतात, आणि तीच फ्लॉपी पुन्हा ३६० च्या ड्राइव्हमध्ये घातली की त्याचे रुंद हेड दोन्ही एकदम ऐकते. निष्पत्ती ‘डेटा एरर’. फ्लॉपीला शिव्या खायला लावणाऱ्या कित्येक घटनांचे मूळ इथे आहे, दोष चकतीचा नाही. ३६० केबीच्या फ्लॉपीवर १.२ च्या ड्राइव्हने लिहायचेच असेल तर ती आधी चुंबकाने पूर्ण पुसलेली किंवा अगदी कोरी हवी आणि नंतर ती ३६० च्या ड्राइव्हने लिहू नये, केवळ वाचावी.

प्रत्यक्ष वाचनाला बसताना पहिले काम म्हणजे लिहिण्याची वाट बंद करणे. सव्वापाच इंचीच्या बाजूची खाच अपारदर्शक पट्टीने झाका. पुष्कळ ड्राइव्ह खाच प्रकाशाने तपासतात, त्यामुळे पारदर्शक सेलोटेप चालत नाही. साडेतीन इंचीत उलट, खिडकी उघडी म्हणजे कुलूप. आठ इंचीतही खाच उघडी म्हणजेच कुलूप, तिथे सव्वापाचच्या सवयीने पट्टी चिकटवली तर उलटेच होईल. ही काळजी फाजील नाही. विंडोज ९५ आणि ९८ नुसती फ्लॉपी घातल्यावरही बूट सेक्टरच्या नावाच्या आठ बाइटांत स्वतःची खूण लिहून ठेवत असत. शिवाय त्या काळच्या बूट सेक्टर व्हायरसांचा मुक्काम अजून तिथेच असतो. १९९० मध्ये भारतात सापडलेला ‘जोशी’ त्यातलाच. ५ जानेवारीला तो ‘हॅपी बर्थडे जोशी’ टाइप केल्याशिवाय मशीन पुढे जाऊ देत नसे. फ्लॉपीची प्रतिमा (सगळ्या मजकुराची एका फाइलमधली हुबेहूब नक्कल) घेताना त्याचा काही त्रास नाही, त्या फ्लॉपीवरून जुने मशीन सुरू करू नये एवढेच.

दुसरे काम ड्राइव्हचे. वीस-तीस वर्षे पडून असलेल्या ड्राइव्हमध्ये महत्त्वाची फ्लॉपी थेट घालणे हा शुद्ध धोका आहे. आधी झाकण उघडून हेड पाहा. इअरबडला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून खालचे हेड पुसा, मग वरचे. वरचे हेड पातळ स्प्रिंगपट्टीवर तरंगते, ते पुसण्यापुरतेच आणि हळू उचला. जास्त उचलले की पट्टी वाकते आणि ड्राइव्ह कायमचा बाद होतो. ज्या दांड्यांवर हेडचा गाडा सरकतो त्यावरचे जुने ग्रीस मेणासारखे घट्ट झालेले असते. ते पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरे. तेल हेडकडे वाहता कामा नये.

पट्ट्यावर चालणारे सुरुवातीचे सव्वापाच इंची ड्राइव्ह असतील तर रबरी पट्टा ढिला किंवा चिकट झालेला मिळतो. वेग तपासायला त्यांच्या मोठ्या चाकावर काळ्या-पांढऱ्या रेघांची दोन कडी असतात, एक ६० हर्ट्झसाठी, एक ५० साठी. आपल्याकडे ५० चे बघायचे. साध्या चोकच्या ट्यूबलाइटखाली ड्राइव्ह फिरवा: रेघा स्थिर दिसल्या की वेग मिनिटाला ३००, पुढे सरकल्या तर जास्त, मागे सरकल्या तर कमी. ड्राइव्हच्या बोर्डावरचा छोटा प्रीसेट (वेग जुळवायचा स्क्रू) बारीक स्क्रूड्रायव्हरने किंचित फिरवून तो जागेवर आणता येतो. एलईडी दिव्याखाली ही युक्ती चालेलच असे नाही, पुष्कळ एलईडी तसे लुकलुकत नाहीत. ग्रीझविझल वेग थेट आकड्यात दाखवते. २९५ ते ३०५ मध्ये असेल तर पुढे जा.

जोडणीत दोनच चुका नेहमी होतात. रिबन केबलची लाल कड एक नंबरच्या पिनकडे नसेल तर ड्राइव्हचा दिवा सुरू होतो तो विझतच नाही. असे दिसले की वीज बंद करा, फ्लॉपी आत असेल तर ताबडतोब काढा. दुसरी चूक वळशाची. पीसीच्या केबलमध्ये १० ते १६ या तारांना पीळ दिलेला असतो. पिळाच्या पलीकडचा ड्राइव्ह ‘ए’, अलीकडचा ‘बी’. बोर्डला कुठला ड्राइव्ह हवा ते तसे सांगावे लागते. एकटाच जुना ड्राइव्ह जोडत असाल तर त्याचा टर्मिनेटर (केबलच्या टोकाच्या ड्राइव्हला लागणारा) रेझिस्टर सॉकेटमध्ये आहे ना, ते पाहा. वीजपुरवठा: साडेतीन इंचीला बहुधा केवळ ५ व्होल्ट पुरतात, सव्वापाचच्या मोटरला १२ व्होल्टही लागतात. म्हणून तो यूएसबीच्या विजेवर चालत नाही. जुना एसएमपीएस (संगणकातला वीजपुरवठ्याचा डबा) घेऊन त्याचा मोठा चारपिनी प्लग लावावा.

मग एखादी बिनमहत्त्वाची फ्लॉपी घालून पाहावी, आणि ती वाचली गेली की खऱ्या फ्लॉपीकडे वळावे. प्रत्येक ट्रॅकचे तीन ते पाच फेरे नोंदवून घ्या. एखादा सेक्टर पहिल्या फेरीत चुकतो आणि तिसऱ्या फेरीत बरोबर मिळतो, हे नेहमीचेच. वाचताना किंचाळल्यासारखा आवाज आला तर तिथेच थांबा. लेप सुटायला लागला आहे आणि हेड चकतीवरून तो खरवडत आहे. फ्लॉपी काढा, हेड पुसा, इअरबडवर तपकिरी डाग दिसला तर पुढची फ्लॉपी घालण्याआधी पुन्हा पुसा. एका खराब फ्लॉपीची घाण पुढच्या दहा चांगल्या फ्लॉप्यांना ओरखडे पाडते.

नाशिकच्या हवेत चकतीचे मुख्य शत्रू दोन, पावसाळ्यातली बुरशी आणि उन्हाळ्यात पत्र्याखालचा माळा. वाड्यांच्या ओलसर भिंतींना लागून ठेवलेल्या डब्यांत बुरशी हमखास धरते. फ्लॉपी घालण्यापूर्वी सव्वापाचच्या लांबट खिडकीतून बोटाने मधली चकती फिरवत (लेपाला न शिवता, मधल्या भोकात बोट घालून) दोन्ही बाजू दिव्याखाली पाहा. भुरकट पांढरे ठिपके किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसली तर ती ड्राइव्हमध्ये घालू नका. वेष्टनाची वरची कड ब्लेडने कापून चकती बाहेर काढा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाकून मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने हलके पुसा, साध्या डिस्टिल्ड वॉटरने विसळा आणि पंख्याच्या वाऱ्यावर न ठेवता बंद खोलीत सावलीत वाळवा. पूर्ण कोरडी झाल्यावर एखाद्या निकामी पण स्वच्छ फ्लॉपीच्या रिकाम्या वेष्टनात घालून वाचा. वर कुठली बाजू होती ते काढतानाच मधल्या कडीवर पेन्सिलीने लिहून ठेवा. तोंडाला मास्क हवाच. साडेतीन इंचीचे प्लास्टिक कवच चारी कोपऱ्यांना पातळ पट्टी सरकवून उघडते, आणि लोखंडी झडप वाकलेली असेल तर ती काढूनच टाकावी. वाकलेली झडप आत अडकली की फ्लॉपी ओढून काढताना वरचे हेड उपटले जाते.

पुराच्या पाण्यात भिजलेल्या फ्लॉप्यांना हेच लागू. २०१९ मध्ये गोदावरीचे पाणी सराफ बाजार, भांडी बाजारापर्यंत आले होते, आणि तशा पाण्यात बारीक गाळ असतो. गाळ चकतीवर वाळू देऊ नये. लगेच धुता येत नसेल तर स्वच्छ पाण्यातच ठेवलेली बरी. उन्हात वाळत घातलेली चकती वाकडी होते, मग काही करता येत नाही.

वाचून झाल्यावर दोन फाइली ठेवा: कच्च्या पल्सची, जी एका फ्लॉपीमागे काही डझन एमबी होते, आणि तिच्यापासून काढलेली सेक्टरांची प्रतिमा. दुसरीचा आकार नेमका यायला हवा: ३६० केबीला ३,६८,६४० बाइट, ७२० ला ७,३७,२८०, १.२ ला १२,२८,८००. ही प्रतिमा सेव्हन-झिपसारख्या मोफत प्रोग्रॅममध्येही उघडते. उघडली नाही तर निराश होऊ नका. फाइल कुठे आहे सांगणाऱ्या फॅट तक्त्याच्या दोन प्रती असतात आणि त्या दोन्ही बाहेरच्या पहिल्या ट्रॅकवर. सर्वांत जास्त घासला जाणाराही हाच ट्रॅक. पहिली प्रत गेली तर दुसरी वापरून फाइली काढता येतात.

खरी अडचण पुढे येते, मराठी मजकुराची. वर्डस्टार या जुन्या लेखन-प्रोग्रॅममधली इंग्रजी फाइल उघडली की प्रत्येक शब्दाचे शेवटचे अक्षर विचित्र दिसते, कारण वर्डस्टार त्याचा आठवा बिट चढवून ठेवत असे. तो उतरवला की मजकूर जसाच्या तसा. मराठीत पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डवर (संगणकात भारतीय लिप्या आणणारे कार्ड) टाइप केलेले असेल तर ते इस्की संकेतात असते. त्याचे भारतीय मानक १९९१ चे आहे आणि विंडोज आजही देवनागरी इस्की ५७००२ या कोड पेजने ओळखते. युनिकोडमध्ये आणणे सोपे. पण डीटीपीवाल्यांच्या फाइली श्रीलिपी, आकृती अशा फॉन्टच्या स्वतःच्या संकेतात असतात, आणि तिथे नेमका कोणता फॉन्ट, कोणत्या आवृत्तीचा, हे कळल्याशिवाय अक्षरे जुळत नाहीत. म्हणून छापखान्यातल्या फ्लॉप्या वाचताना मजकुराची फ्लॉपी घेतली आणि फॉन्टची टाकली असे करू नये. जुनी पंचांगे, लग्नपत्रिका, गावोगावच्या संस्थांचे अहवाल, स्मरणिका त्यांच्यावरच आहेत. छापील प्रत कुठे तरी असेलही, पण शोधता येईल असा मजकूर फ्लॉपीवर आहे.

कारखान्यांसाठी थोडे वेगळे सांगावे लागेल. सातपूर-अंबडमधल्या जुन्या सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या) मशीनच्या कंट्रोलरमध्ये पॅरामीटर, म्हणजे मशीनची मापे-सेटिंग, बॅटरीवर जिवंत राहतात. बॅटरी गेली की पॅरामीटर गेले, आणि मशीनबरोबर आलेली फ्लॉपी हीच त्यांची शेवटची प्रत असू शकते. ड्राइव्ह कुरकुरायला लागला की त्या जागी गोटेक नावाचा पेन ड्राइव्हवर चालणारा एम्युलेटर (फ्लॉपी ड्राइव्हची नक्कल करणारे यंत्र) बसवतात. ते योग्यच आहे, पण क्रम पाळा: आधी सगळ्या फ्लॉप्यांच्या प्रतिमा, मग ड्राइव्हला हात. फ्लॅशफ्लॉपी हे मोफत फर्मवेअर (यंत्राच्या आतला प्रोग्रॅम) घातलेला गोटेक घ्या. मूळ फर्मवेअरचे गोटेक ७२० केबी आणि १.४४ असे वेगवेगळ्या मॉडेलचे येतात, तिथे फसगत होते. पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला हवा. ड्राइव्ह निवडणारा जम्पर जुन्या ड्राइव्हवर होता तिथेच ठेवा. मशीनची केबल बहुधा बिनपिळाची असते, आणि कंट्रोलरला ३४ नंबरच्या तारेवर ‘ड्राइव्ह तयार’ हा संकेत लागतो, तर पीसीला त्याच तारेवर ‘फ्लॉपी बदलली’ हा लागतो. गोटेकचा इंटरफेस ‘शुगार्ट’ (पहिल्या पद्धतीचा) नसेल तर कित्येक मशीन गोटेकला ओळखतच नाहीत, आणि मग निष्कारण मदरबोर्डवर संशय घेतला जातो. काढलेला ड्राइव्ह फेकू नका. प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेल घालून मशीनच्या कागदपत्रांबरोबरच ठेवा.

लेखातल्या सल्ल्याला माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. फ्लॉप्यांपेक्षा दुर्मीळ त्या वाचणारे ड्राइव्ह आहेत. सव्वापाच इंची ड्राइव्ह आता कोणी बनवत नाही, आणि भंगारवाल्याकडे तो गेला की हातोड्याने मोटरचे तांबे काढून घेतात. शहरातल्या एखाद्या वाचनालयाने किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाने एक चालू ३६० केबीचा, एक १.२ चा आणि दोन जुने साडेतीन इंची ड्राइव्ह सांभाळले, तरी नाशिककरांची पुष्कळशी कपाटे वाचून होतील.

ड्राइव्ह ओळखायचा कसा, हे संकलन केंद्रांनाही कळायला हवे. मागे ३४ पिनांचा खाचांचा पत्रा असेल (पीसीबीची सोनेरी कड, सुया नव्हेत) आणि पुढे आडवा खटका असेल, तर तो सव्वापाच इंची. आयबीएमच्या ड्राइव्हच्या दर्शनी पट्टीवर छोटी चांदणी कोरलेली असेल तर ३६० केबीचा. इतर कंपन्यांच्या ड्राइव्हवर मागच्या लेबलवर ४८ टीपीआय (इंचाला ट्रॅक) लिहिले असेल तर ३६० केबीचा. ९६ टीपीआय असेल तर ८० ट्रॅकचा, बहुधा १.२ एमबीचा, आणि तोही तितकाच ठेवण्यासारखा. उघड्या हेडवर डाग दिसला म्हणून तो मोडीत काढू नये, अल्कोहोलने बहुतेक वेळा जातो. हेडच्या पट्ट्या सरळ असतील, मोटर हाताने फिरत असेल आणि लाल-पिवळ्या तारा बसवायचे चारपिनी सॉकेट तुटलेले नसेल, तर तो ड्राइव्ह ‘चालू असण्याची शक्यता’ या खोक्यात टाकावा.

कळावे,

आपला,
एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक
इंदिरानगर, नाशिक